'प्रेरणा कुठून मिळते' सोडून काहीही विचार

दिवाळी अंकासाठी एका कादंबरीकाराची आणि एका चित्रकाराची मुलाखत घ्यायचीय, प्रश्न कसे काढू असं विचारलंयस. आधी तुझ्या यादीतले 'प्रेरणा कुठून मिळते' आणि 'नवोदितांना काय सांगाल' हे दोन्ही उडव, त्यांची उत्तरं त्यांना पाठ असतात आणि वाचकालाही.

कामाबद्दल विचार, तेही बोट ठेवून. 'तुमची शैली' वगैरे नको, 'म्हातारीचं मरण तुम्ही एका ओळीत उरकलंत, आधी मोठं लिहिलेलं का?' असं. त्यासाठी पुस्तकं खरंच वाचावी लागतात, मलपृष्ठावर भागत नाही :) चित्रकाराला हॉलमध्ये सोफ्यावर नाही, स्टुडिओतच गाठ, आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेले कॅनव्हास दिसले की ते का पालथे ठेवलेत ते विचार, फसलेल्या चित्राबद्दल माणूस जास्त मोकळं बोलतो.

१९६२ साली फ्रेंच सिनेदिग्दर्शक त्रुफोने रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉकची जी लांबलचक मुलाखत घेतली ती मिळाली तर जरूर वाच. मध्ये दुभाषी, तरी सुरुवातीच्या मूकपटांपासून एकेक सिनेमा क्रमाने घेतलाय. 'सस्पिशन'मध्ये कॅरी ग्रँट दुधाचा ग्लास घेऊन जिना चढतो, त्यावर हिचकॉक म्हणतो मी दुधात लाइट ठेवला होता. आपण 'अरे वा' म्हणून पुढे गेलो असतो. त्रुफो विचारतो, म्हणजे ग्लासवर स्पॉटलाइट टाकला? तो अंदाज चुकतो आणि म्हणूनच हिचकॉक नीट सांगतो की नाही, ग्लासच्या आतच, कारण प्रेक्षकाची नजर त्या ग्लासवरच राहायला हवी होती. चुकीचा अंदाज बिनधास्त बोलून दाखव, समोरचा दुरुस्त करायला म्हणून तपशिलात शिरतो.

उत्तर संपलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस, थोडं थांब, बऱ्याचदा खरं बोलणं त्यानंतर येतं. आणि मध्येच स्वतःचं मत ऐकवायचा मोह आवर, मराठी मुलाखतींचा हा जुनाच आजार आहे, प्रश्न दहा ओळींचा आणि उत्तर 'हो, बरोबर'.

बाकी फोन एअरप्लेन मोडवर टाकून रेकॉर्ड कर, पंख्याखाली नको, दुसऱ्या फोनवरही चालू ठेव. उतरवताना ते वऱ्हाडीत बोलले असतील तर उगाच प्रमाण मराठी करू नकोस. मसुदा दाखवणार असशील तर नावं, सालं, तपशील तपासायलाच दाखवतोय हे सुरुवातीलाच सांग, नाहीतर सगळी धार काढून परत येतो.