युद्ध थांबलं ना, मग नावं काहून ठेवता?

प्रश्न : ताई, मी नागपुरात राज्यशास्त्रात एम.ए. करतो. वादविवाद स्पर्धेत ‘शांतता बाहेरून आणता येते’ या विषयाची विरोधी बाजू माझ्याकडे आली आहे. मित्र म्हणतात, ‘युरोपातल्या बोस्नियातलं युद्ध बाहेरच्यांनी घडवलेल्या करारानं थांबलं ना, मग नावं काहून ठेवतोस?’ काय उत्तर देऊ?
– एक वाचक, महाल

उत्तर : युद्ध थांबलं, हे आधी मोकळेपणानं मान्य कर. १९९२ ते १९९५ या काळात तिथं सुमारे एक लाख माणसं मेली. त्यावर शहाणपणा शिकवणं धरमपेठेत बसून सोपं आहे बाप्पा.

मग विचार, करार कुणी केला? १९९५ मध्ये अमेरिकेतल्या डेटनच्या हवाई तळावर वाटाघाटीला मिलोशेविच, तुज्मान आणि इझेतबेगोविच बसले होते. त्यातले पहिले दोघे तर शेजारच्या सर्बिया आणि क्रोएशियाचे अध्यक्ष, बोस्नियाचा एकटा तिसरा! बोस्नियाची राज्यघटना म्हणजे याच कराराचं चौथं परिशिष्ट. लोकांना कुणी विचारलंच नाही. अध्यक्षमंडळात तिघं : एक बोस्नियाक (म्हणजे तिथला मुस्लिम), एक क्रोएट, एक सर्ब. याकोब फिंसी ज्यू, देर्वो सेज्दिच रोमा (ज्यांना जिप्सी म्हणत, त्या समाजाचे). म्हणून त्यांना त्या पदासाठी उभंच राहता येईना. दोघं स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले, २००९ मध्ये जिंकलेही. घटनेतली अट मात्र पुढे कितीतरी वर्षं जशीच्या तशी. बदलायला मंजुरी देणार कोण? त्या वाटणीवरच निवडून येणारे!

वर करार अमलात येतो की नाही हे बघायला नेमलेला परदेशी ‘उच्च प्रतिनिधी’. १९९७ पासून लोकनियुक्त माणसालाही घरी पाठवण्याचा अधिकार त्याच्याकडे आला. १९९९ मध्ये बोस्नियातल्या सर्ब भागाचे निवडून आलेले अध्यक्ष पोप्लाशेन असेच गेले. ते गृहस्थ काही लोकशाहीचे पुतळे नव्हते, पण मतदारानं यातून काय धडा घ्यावा?

समोरचा विचारेल, मग दुसरी वाट कोणती? तिथं उत्तर आयर्लंडचं उदाहरण काढ. १९९६ मध्ये बायकांनी निवडणुकीच्या तोंडावर पक्ष उभा केला आणि वाटाघाटींत दोन जागा मिळवल्या. १९९८ चा शांतता करार सार्वमताला टाकला, तिथं मतदान करणाऱ्यांपैकी ७१ टक्क्यांनी होकार दिला. मध्यस्थीला अमेरिकी माणूस तिथंही होताच, हे विसरू नकोस. आणि विधानसभेत सदस्याला ‘युनियनिस्ट’ (ब्रिटनसोबत राहू इच्छिणारे), ‘नॅशनॅलिस्ट’ (आयर्लंडशी जोडू इच्छिणारे) की ‘इतर’, अशी नोंद करावी लागते. महत्त्वाच्या ठरावांवर ‘इतरां’च्या मताला तेवढं वजन नसतं. हे दोन्ही मुद्दे तूच आधी सांगून टाक, समोरच्याच्या हाती ठेवू नकोस.