फोनिओ शिजवताना चिकट लगदा होतो, मोकळा कसा करायचा?

पाणी जास्त पडतंय आणि मधेमधे ढवळलं जातंय. फोनिओ हे पश्चिम आफ्रिकेतलं धान्य, त्याचा दाणा वरीपेक्षाही बारीक, साधारण रव्याएवढा. भातासारखा उकळत ठेवला की त्याची पेजच होणार.

सेनेगलमध्ये तो वाफवतात. डाकारमध्ये जन्मलेले आणि न्यूयॉर्कमधून हे धान्य लोकांपर्यंत नेणारे शेफ पिएर थियाम हीच पद्धत दाखवतात, आणि चवीला तीच सरस आहे.

1 वाटी फोनिओ भरपूर पाण्यात हाताने फिरवून 3-4 वेळा धुवा. सुटा आणला असेल तर वाळू तळाशी बसते, म्हणून शेवटचा चमचाभर गाळ सोडून द्या. बारीक गाळणीत 10 मिनिटं निथळू द्या. मोदकपात्रात ओलं मलमल पसरून त्यावर 15 मिनिटं वाफवा. नुसत्या चाळणीतून दाणे खाली गळतात. मग परातीत काढा, काट्याने गुठळ्या फोडा, पाव वाटी मिठाच्या पाण्याचे हबके मारा आणि पुन्हा 8-10 मिनिटं वाफ द्या. दाणा बोटांत दाबून बघा. मधे कणी लागली तर अजून एक हबका, थोडी वाफ. शेवटी चमचाभर तेल.

घाई असेल तर 2 वाट्या उकळत्या पाण्यात 1 वाटी फोनिओ, मंद आचेवर 1 मिनिट, गॅस बंद, घट्ट झाकण, 5 मिनिटं. मधे झाकण उघडू नका.

सोबत माफे करा, म्हणजे शेंगदाण्याचा रस्सा. त्याला जाडसर कूट चालत नाही, गुळगुळीत वाटण हवं. तेल वर तरंगेपर्यंत मंद आचेवर ठेवा. हा रस्सा तळाला पटकन लागतो.