मोठ्यांचं कौतुक करायचं की नाही?

प्रश्न : माझ्या सासूबाई निफाडला द्राक्षबाग बघतात, वय ६४. फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर मण्यांच्या विरळणीला लागल्या की मांडवाखाली मान वर करून दिवसभर कात्री चालते, घडातला नेमका कुठला मणी काढायचा ते बघून मी थक्क होते. फॅमिली ग्रुपवर मी लिहिलं, 'आईंचं कौतुक करावं तेवढं थोडंच.' तर चुलत सासरे म्हणाले मोठ्यांचं कौतुक करत नाहीत, आदर म्हणावं. माझं चुकलं का? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : नाही हो, चुकलं नाही. पण काका म्हणतात त्यातही तथ्य आहे, कारण कौतुक 'करणं' यात पाठीवरची थाप असते आणि थाप देणारा बहुतेक वेळा मोठाच असतो, म्हणून पोराला बक्षीस मिळालं की आपण बिनधास्त कौतुक करतो आणि शाळेतल्या जुन्या बाईंचं करताना मात्र जीभ जरा अडखळते. कौतुक 'वाटणं' याला वयाची अट नाही. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरला दिंड्या येतात ना, त्यात डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या आजी दिसल्या की कुणीही म्हणतं, काय कौतुक वाटतं बाई यांचं! त्यात कुणाला उद्धटपणा दिसत नाही.

मुळात संस्कृतात कौतुक म्हणजे कुतूहल, नवल. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात 'माझा मराठाचि बोलु कौतुकें' येतं, तिथे काही शाबासकीचा अर्थ नाही. आपल्या बोलण्यात शाबासकी पुढे आली खरी, पण ते नवल अजून शब्दात आहे, आणि मला तेच फार आवडतं. आदर काय, नात्यालाही देतो आपण, सासूबाई नुसत्या बसून असत्या तरी दिला असता. कौतुक वाटायला तो मणी काढताना डोळ्यांनी बघावं लागतं, आणि तुम्ही ते बघितलंय. म्हणून इथे 'आदर' घातला तर तुमचं म्हणणंच निसटेल. (स्तुती, प्रशंसा तर घरातल्या माणसासाठी सत्कार समारंभासारखे वाटतात.)

फक्त क्रियापद बदला. 'आई, तुमच्या हाताचं फार कौतुक वाटतं' असं लिहा, आणि ती कात्रीची गोष्टही लिहा की, ग्रुपवर बाकीच्यांनी कुठे बघितलीय ती.