नेपाळच्या डोंगरात इंग्रजी शिकवायला निघालेल्या विद्यार्थिनीस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

लमजुंग जिल्ह्यातल्या सामुदायिक, म्हणजे सरकारी, शाळेत वर्षभर स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवायचे तू ठरवलेस, हे वाचून समाधान वाटले. तुझ्या पत्रातल्या बहुतेक शंका सामानाच्या आणि प्रवासाच्या आहेत. त्यांची उत्तरे देतेच, पण ज्या गोष्टीवर तुझे सगळे वर्ष अवलंबून आहे ती तू विचारलेली नाहीस. त्या शाळेत आज इंग्रजी कोण शिकवते? तू पोचण्यापूर्वीही तिथे इंग्रजीचा तास होतो आहे आणि तू परतल्यावरही तो होणार आहे. तो तास घेणाऱ्या सरांशी किंवा मिसशी तुझे जमले तरच तुझ्या कामाचा काही अंश तिथे टिकेल, नाहीतर एक पाहुणी आली आणि गेली एवढीच नोंद राहील. परदेशी स्वयंसेवकांचे नेपाळला अप्रूप राहिलेले नाही. अमेरिकेच्या पीस कोअरचे स्वयंसेवक १९६२ पासून तिथे येत होते. सशस्त्र संघर्षामुळे २००४ मध्ये ते काम थांबले आणि २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाले. माणसे येतात नि जातात हे गावाला चांगले ठाऊक आहे.

पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापक इंग्रजीचे सगळे वेळापत्रक तुझ्या हाती ठेवू पाहतील. त्यात त्यांचा दुष्ट हेतू नसतो. सामुदायिक शाळेतली मुले काढून खासगी 'बोर्डिंग' शाळेत घालण्याकडे पालकांचा कल असतो आणि शाळेत बाहेरदेशीची शिक्षिका आहे म्हटल्यावर पट टिकवायला मदत होते. वैशाखात नव्या प्रवेशाची मोहीम निघते तेव्हा फलकावर तुझे छायाचित्रही झळकेल. त्याला हरकत घेऊ नकोस. वेळापत्रकाला मात्र नम्रपणे नकार दे आणि मूळ शिक्षकांबरोबर जोडीने तास घ्यायची परवानगी माग. तू स्वतंत्रपणे तास घ्यायला लागलीस की त्या शिक्षकांना दुसरे विषय दिले जातात, त्यांचा इंग्रजीचा सराव सुटतो आणि पुढच्या वर्षी वर्ग आधीपेक्षा मागे पडतो. दहावीच्या वाटेला जाऊच नकोस. तिथे वर्षाच्या शेवटी एसईई परीक्षा असते, पूर्वी तिला एसएलसी म्हणत आणि 'फलामे ढोका', म्हणजे लोखंडी दरवाजा, अशी तिची ख्याती होती. त्या वर्गाला प्रयोग परवडत नाहीत. चौथी-पाचवी माग.

वर्गात शिरल्यावर जे दिसेल ते तुला अनोळखी वाटणार नाही. शिक्षक इंग्रजी वाक्य वाचतात, त्याचा नेपाळी अर्थ सांगतात, मुले एका सुरात दोन्ही म्हणतात. 'घोकन्ते विद्या, धावन्ते खेती' अशी म्हणच तिथे आहे. आपल्याकडच्या घोकंपट्टीवर वाढलेल्या माणसाने त्यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही. एका सुरात म्हणण्याची सवय मुलांना आहेच, तर तिच्यावरच काम कर: शिक्षकांनी वाचलेले वाक्य मुलांनी म्हटले की त्यातला एकच शब्द बदलून पुढचे वाक्य त्यांच्याकडून काढून घे, मग प्रश्न करून घे, मग एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे. मूळ शिक्षकांना ही पद्धत परकी वाटत नाही आणि तुझ्यामागे ते ती चालू ठेवू शकतात. रंगीत कागद आणि चिकटचित्रे लागणारे खेळ तुझ्या पिशवीबरोबर संपतात.

लमजुंगच्या पुष्कळ गावांत वस्ती गुरुङ समाजाची आहे. घरात मोठी माणसे आपापसात गुरुङ भाषा बोलतात आणि तिचे कुळ नेपाळीहून निराळे, तिबेटी-बर्मी आहे. अशा घरातल्या मुलाला शाळेतली नेपाळीच आधी शिकावी लागते, आणि त्यावर तुझी इंग्रजी चढते. मूल गप्प बसले म्हणजे ते मठ्ठ आहे असे समजू नकोस.

आता मराठी माणसाला तिथे जो फायदा आहे तो सांगते, कारण पाठ्यपुस्तकांत तो सापडत नाही. नेपाळी बोलण्यात श आणि स यांत फरक उरलेला नाही, दोन्ही स सारखेच उच्चारतात. त्यामुळे 'शिप' आणि 'सिप' मुलांच्या तोंडी एकच होतात. त्यांचा 'चार' ऐकशील तर त्यातला च आपल्या 'चांगला' मधला आहे, आपल्या 'चार' मधला नाही. म्हणून खुर्चीचा इंग्रजी शब्दही ती 'चांगला'तल्या च ने म्हणतात. हिंदी शिक्षकाला हा फरक कानावर पडूनही पकडता येत नाही, कारण त्याच्याकडे एकच च आहे. आपल्या जिभेला दोन्ही येतात. मुलांना जवळ बोलावून जीभ दातांमागे टेकवून एक च आणि ती जरा मागे नेऊन दुसरा च असे सावकाश करून दाखव. ती हसतील, एकमेकांच्या तोंडात डोकावतील आणि दोनतीन दिवसांत काही जणांना तो साधेल. 'ही' आणि 'शी' यांचा गोंधळ मात्र लवकर जात नाही. नेपाळीत 'ऊ' म्हटले की मुलगाही झाला आणि मुलगीही झाली. दर वेळी अडवून दुरुस्त करत बसलीस तर मूल बोलायचेच थांबेल. ते लिखाणात सुधार, बोलण्यात जाऊ दे.

दिवसाची घडी बसायला थोडा काळ जातो. घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे लाव. पहाटे चहा, नऊच्या सुमारास पोटभर डाळ-भात-तरकारी, दहाला शाळा, दुपारी खाजा म्हणजे चिउरा (पोहे), चाऊचाऊ (नूडल्स) असे काहीतरी, आणि रात्री पुन्हा डाळ-भात. मी तिथे शिकवत असताना आमच्या शाळेला सुटी शनिवारची होती, शुक्रवारी अर्धा दिवस, आणि रविवारी सकाळी घरची मंडळी फोनवर निवांत गप्पा मारायच्या बेतात असताना मी हजेरी घेत असे. भाकरीची आठवण आली की घरच्या आमांना, म्हणजे आईंना, ढिंडो करायला सांग. कोदो म्हणजे आपली नाचणीच, तिच्या पिठाचा तो घट्ट घाटा गुन्द्रुकाच्या, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीच्या, आंबट रश्शाबरोबर खाल्लास की भाताचा कंटाळा निदान आठवडाभर विसरशील. ताटात वाढायला आले की 'पुग्यो', म्हणजे पुरे, म्हणायला शीक आणि वेळेवर म्हण, नाहीतर भाताचा डोंगर होतो. उष्ट्याचे नियम आपल्या आजीच्या घरासारखेच कडक आहेत. पाणी प्यायच्या तांब्याला ओठ लावू नकोस आणि बाहुन-छेत्री (ब्राह्मण-क्षत्रिय) घरात चुलीपाशी बोलावल्यावाचून जाऊ नकोस. बऱ्याच घरांत मासिक पाळीतही स्वयंपाकघर वर्ज्य असते. त्याविषयी तुझे मत काहीही असो, पहिल्या महिन्यात ते मांडण्याचा अधिकार तुला नाही असे मी मानते. आंघोळ पुष्कळदा गावच्या धाऱ्यावर, म्हणजे सार्वजनिक नळावर, उघड्यावर असते. बायका लुंगी छातीशी बांधून नहातात. एक जाड सुती लुंगी जिल्ह्याच्या ठिकाणी, बेसीसहरच्या बाजारात घे आणि सुरुवातीला घरच्या दिदीबरोबर जा.

असारात, म्हणजे जूनच्या मध्यापासून पुढे, भातलावणी सुरू होते आणि वर्ग निम्मा रिकामा होतो. मुले दांडी मारत नाहीत, ती शेतात असतात. त्या दिवसांत नवा धडा सुरू करू नकोस. असार पंधराला तूही चिखलात उतर आणि बांधावर दही-चिउरा खा, गावात तुझी ओळख त्या एका दिवसात जितकी होईल तितकी एरवी महिनाभरात होत नाही. जळवांसाठी मीठ जवळ ठेव. दसैं-तिहारची, म्हणजे दसरा-दिवाळीची, सुटी लांबलचक असते. मन लावून शिकवायचे दिवस खरे म्हणजे तिहार संपल्यापासून फागुनपर्यंतचे, आणि तुझी सगळी आखणी त्यांच्याभोवती कर.

भारतीय म्हणून तुला व्हिसा लागत नाही. तिथल्या लोकांना ही सवलत ठाऊक आहे आणि तिचे ओझेही ठाऊक आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये भूकंप झाला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून सीमेवरची वाहतूक अडली तेव्हा स्वयंपाकाचा गॅस मिळेना. ही नाकाबंदी भारताने केली असे तिथला माणूस मानतो आणि चहाच्या दुकानात तो विषय तुझ्यासमोर निघेलच. वाद घालू नकोस, ऐकून घे. 'नेपाळ म्हणजे आपलाच' हे वाक्य प्रेमाने म्हटले तरी तिथे टोचते. बुद्धाचा जन्म लुंबिनीचा, हे विसरून वर्गात काही बोललीस तर पाचवीतले मूलही तुला थांबवेल, आणि त्याचे बरोबर असेल. हिंदी पुष्कळांना समजते म्हणून तिच्यावर दिवस ढकलू नकोस. अपवाद फक्त भारतीय सैन्यातून निवृत्त झालेल्या वृद्ध लाहुऱ्यांचा (परदेशी सैन्यात गेलेल्यांना तिथे लाहुरे म्हणतात). देवळाली किंवा पुण्याचे नाव निघाले की ते स्वतःच हिंदीत सुरू होतील आणि तुला उठू देणार नाहीत.

दोन गोष्टी निघण्यापूर्वी कर. शाळा आता स्थानिक पालिकेच्या अखत्यारीत आहेत, म्हणून विद्यालय व्यवस्थापन समितीचे आणि गाउँपालिकेचे (गावपालिकेचे) अशी दोन्ही पत्रे लेखी मागव. ज्या मध्यस्थाने तुझ्याकडे 'सेवाशुल्क' मागितले आहे त्याला त्यातले शाळेला किती पोचते एवढेच विचार. तो शाळेऐवजी अनाथालय सुचवू लागला तर त्याचा नाद सोड. आईवडील हयात असलेली मुले दुर्गम जिल्ह्यांतून काठमांडू-पोखऱ्याला आणून परदेशी पाहुण्यांपुढे अनाथ म्हणून ठेवल्याची प्रकरणे उघडकीस आलेली आहेत.

प्रवास गोरखपूरपर्यंत रेल्वेने करून सुनौलीला सीमा ओलांडावी असे माझे मत आहे. विमानाने काठमांडूला उतरलीस तर बेसीसहरची बस डुम्रेवरून वळते. मतदार ओळखपत्र असले तरी पारपत्र बरोबर घे. शेवटच्या महिन्यात स्वतः शिकवणे बंद करून मागच्या बाकावर बस आणि मूळ शिक्षकांना तास घेऊ दे, हे मात्र त्यांच्याशी आत्ताच, पहिल्या पत्रातच बोलून ठेव. पालिकेचे पत्र हाती आले की मला कळव, म्हणजे तिकिटांचे बघू.

तुझ्या,
शाळेतल्या बाई