‘जेवून राहिलो’ म्हणजे जेवतोय की मुक्कामाला राहिलो?

पुण्याहून नागपुरात बदलून आलेल्या एकांचा प्रश्न आहे: सहकारी फोनवर ‘मी जेवून राहिलो’ म्हणाला, तेव्हा जेवण उरकून तो तिथंच मुक्कामाला थांबला असं वाटलं. हे अशुद्ध मराठी आहे की हिंदीचं भाषांतर?

तो जेवत होता, एवढंच. ‘दबा धरून राहिला’, ‘टिकून राहिला’ यांतला ‘राहणे’ पुणेकरांच्याही ओळखीचा आहे. तिथं तो स्थिती दाखवतो. नागपुरात तोच चालू क्रिया दाखवायला लागला. बोलताना ‘राहिलो’चं बहुधा ‘रायलो’ होतं. ‘राहणे’चा मूळ अर्थ इथं किती पुसला गेलाय, ते ‘मी सध्या मानेवाड्याला राहून राहिलो’ या वाक्यात दिसतं. पहिला ‘राह’ मुक्कामाचा, दुसरा निव्वळ व्याकरणाचा.

साचा हिंदीचा आहे, हे खरं. १८६१ पासून १९५६ पर्यंत नागपूर हिंदी-मराठी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होतं. कचेरी, बाजार, शेजार सगळीकडे दोन्ही भाषा एकत्र नांदल्या. पण सामान मराठीच. हिंदीतल्या ‘कर रहा हूँ’ मधला ‘कर’ मुळात ‘करि’, म्हणजे ‘करून’ याच अर्थाचं जुनं रूप. नागपूरकरांनी त्याच्या जागी आपलं ‘ऊन’ बसवलं आणि ‘हूँ’ची गरज ठेवली नाही, कारण ‘राहिलो’तच ‘मी’ आलेला असतो.

आता नक्कल करणारे फसतात कुठं? पहिली चूक कर्त्याची. ‘राहणे’ अकर्मक, म्हणून रूप भूतकाळी दिसलं तरी ‘ने’ लागत नाही: ‘तिनं पोळ्या केल्या’, पण ‘ती पोळ्या करून राहिली’. ‘तिनं पोळ्या करून राहिल्या’ नागपुरात कोणी म्हणणार नाही. नकार मध्ये बसतो: ‘कूलर चालून नाही राहिला’, ‘मला समजून नाही राहिलं’. बाई बोलत असेल तर ‘मी करून राहिली’, ‘राहिले’ नव्हे; ‘मी गेली होती’ म्हणणाऱ्या तोंडी ते जुळतंच. ‘तू’साठी शेवटचा ‘स’ गळतो: ‘काय करून राहिला बे?’ (हा ‘बे’ दोस्तांपुरता, साहेबांना लावू नका.) आणि सवयीच्या गोष्टीला हा प्रयोग चालत नाही. ‘मी रोज सहाला उठतो’ हेच बरोबर. मात्र ‘आजकाल सहाला उठून राहिलो’ चालतं, कारण ते हल्ली सुरू झालंय. विनोदी नकलेत प्रत्येक क्रियापदाला ‘राहिलो’ चिकटवतात, ते कानाला लगेच खोटं वाटतं.

अशुद्ध म्हणाल तर नाही. ज्याला इतके नियम आहेत आणि ते मोडले की ऐकणारा हसतो, त्याला चूक कसं म्हणायचं? शिवाय हा खेडवळपणाही नव्हे. ‘मले-तुले’, ‘डोया’ (डोळा) ऐकलं की शहरातले शिकलेले लोक बोलणाऱ्याला गावाकडचा समजतात. त्यात शिक्षण आणि वर्ग यांचा वास येतो. ‘करून राहिलो’चं तसं नाही. धरमपेठेतला डॉक्टर, महालातला दुकानदार, सीताबर्डीतला पानठेलेवाला, तिघंही ते म्हणतात. ‘मला’ आणि ‘डोळा’ कटाक्षानं सांभाळणाराही ‘पाऊस येऊन राहिला’ सहज बोलून जातो. म्हणजे ‘मले’वरून माणसाचा थर ओळखू पाहतात, ‘राहिलो’वरून फक्त मुलूख कळतो. अर्जात, मुलाखतीत मात्र तोच डॉक्टर ‘करत आहे’वर येतो.

तुमच्या कामाची आणखी एक गोष्ट. हा प्रयोग जवळच्या भविष्यासाठीही चालतो: ‘उद्या मुंबईला जाऊन राहिलो’. म्हणून सहकारी फोनवर ‘निघून राहिलो’ म्हणाला तर तो अजून घरीच आहे असं समजा. ‘निघालो’ म्हणाला तर गाडीला किक बसली.