कंत्राटदाराला दंड, शास्ती की कपात?

प्रश्न असा आला आहे: इंग्लंडमधल्या खासगी तुरुंगांवरचा मजकूर मराठीत करताना ‘सरकारने कंपनीला दंड ठोठावला’ हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं. सहकारी म्हणतो, सगळीकडे ‘शास्ती’ घाल, ते जास्त कायदेशीर वाटतं. बरोबर काय?

सगळीकडे एकच शब्द घालायचा हट्ट सोडावा, हे माझं मत. या प्रकरणांत कंपन्यांचे पैसे वेगवेगळ्या वाटांनी गेले आहेत, आणि त्या प्रत्येक वाटेला मराठीत शब्द आहे.

‘ठोठावणे’ हे क्रियापद वरून खाली येतं. न्यायाधीश ठोठावतो, गावकी ठोठावत असे. ज्याला ठोठावला त्याचं म्हणणं ऐकून घेतलं असेल, पण त्याची संमती कुणी विचारत नाही. कंत्राटाचं तसं नाही. तिथे सरकार गिऱ्हाईक असतं आणि काम नीट झालं नाही तर किती पैसे कमी मिळतील हे कंपनीने सही करतानाच मान्य केलेलं असतं. लग्नात वाढपी कमी आले म्हणून आपण केटररचे पैसे कापतो. त्याला दंड ठोठावला असं कुणी म्हणत नाही.

इंग्लंडच्या खासगी तुरुंगांत हे कापणं बऱ्यापैकी यांत्रिक आहे. कामातल्या ठराविक चुकांना गुण लावलेले असतात. ते साठत जातात आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की बिलातून रक्कम वजा होते. याला ‘कपात’ म्हणावं. आपल्याकडे कंत्राटदार स्वतः ‘बिलातून दंड कापला’ म्हणतो, तेही मला चालतं, कारण त्यात ‘कापला’ आहे. खटकतो तो ‘ठोठावला’.

आता बर्मिंगहॅम. हा सरकारी तुरुंग २०११ मध्ये जीफोरएस कंपनीकडे गेला. चालू सरकारी तुरुंग खासगी हाती देण्याची तिथली ती पहिलीच वेळ. डिसेंबर २०१६ मध्ये तिथे मोठी दंगल झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये तुरुंग निरीक्षकांचा अहवाल इतका वाईट आला की सरकारने कारभार आपल्या हाती घेतला, तुरुंगाधिकारी बदलला आणि ३०० कैदी दुसरीकडे हलवायचं ठरवलं. एप्रिल २०१९ मध्ये कंत्राट संपवण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा कंपनी सरकारला ९९ लाख पौंड देणार असं ठरलं. बातम्या करताना हात इथेच ‘दंडा’कडे वळतो. पण ही रक्कम सरकारला पडलेल्या जादा खर्चापोटी, तडजोडीने ठरलेली होती. म्हणून ‘भरपाई’. ‘कंपनीने भरपाई दिली’ लिहावं, ‘कंपनीवर भरपाई ठोठावली’ नव्हे.

तिसरी वाट कैद्यांच्या पायातल्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांची. २०१३ मध्ये न्यायमंत्री ख्रिस ग्रेलिंग यांनी संसदेत सांगितलं की जीफोरएस आणि सर्को या कंपन्यांनी सरकारकडून जास्तीचे पैसे घेतले. ज्यांच्यावर पाळत नव्हतीच अशांचीही बिलं लावली होती. त्यांत परत तुरुंगात गेलेले होते, देश सोडून गेलेले होते, काही तर चक्क मेलेले होते. हिशेब झाल्यावर सर्कोने ६ कोटी ८५ लाख पौंड आणि जीफोरएसने १० कोटी ८९ लाख पौंड परत केले. याला दंडही म्हणू नये आणि भरपाईही. घेतलेलं परत केलं, एवढंच. (‘भुर्दंड’ हा झकास शब्द मात्र इथे बसतो, पण कंपनीला नव्हे, करदात्याला. मेलेल्या माणसावर पाळत ठेवल्याचे पैसे तो भरत होता.)

खरा ‘दंड’ याच पट्ट्यांच्या प्रकरणात पुढे आला. गंभीर फसवणुकीची चौकशी करणाऱ्या यंत्रणेबरोबर न्यायालयाच्या मंजुरीने खटला लांबणीवर टाकण्याचे करार झाले. त्यांत २०१९ मध्ये सर्कोच्या उपकंपनीने १ कोटी ९२ लाख आणि २०२० मध्ये जीफोरएसच्या उपकंपनीने ३ कोटी ८५ लाख पौंड दंड भरायचं मान्य केलं. इथे शब्द दंडच, कारण मागे फौजदारी कारवाई उभी आहे. पण दोषी ठरवल्याचा निकाल नाही, म्हणून क्रियापद ‘भरला’.

मग शास्ती कुठे? हा शब्द शासन, शासकाच्याच कुळातला. मराठी वाचकाला तो भेटतो तो पालिकेच्या बिलावर: थकलेल्या मालमत्ताकरावर दरमहा २ टक्के शास्ती. पिंपरी-चिंचवडकरांना तर बेकायदा बांधकामांवरचा ‘शास्तीकर’ चांगलाच आठवत असेल. कायद्याच्या मराठीत द्रव्यदंड हा गुन्ह्याच्या शिक्षेचा भाग, आणि नियम मोडल्याबद्दल कायद्याने लागते ती शास्ती. करारातही तो येतो, पण थोड्या वाईट अर्थाने. १८७२ च्या आपल्या करारविषयक कायद्याचं ७४ वं कलम सांगतं की करारात रक्कम लिहिलेली असो वा शास्तीच्या स्वरूपाची अट असो, मिळेल ती वाजवी भरपाई, आणि तीही लिहिलेल्या रकमेच्या आतच. इंग्लंडमधे प्रमाणाबाहेरची अशी अट न्यायालय मानतच नाही. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, दोन तासांच्या फुकट पार्किंगमध्ये जवळपास तासभर जास्त गाडी ठेवल्याबद्दल खासगी कंपनीने मागितलेले ८५ पौंड मात्र प्रमाणाबाहेरचे नाहीत म्हणून उचलून धरले. ‘शास्ती’ म्हटलं की अट प्रमाणाबाहेरची असल्याचा संशय येतो, म्हणून कपातीला ‘शास्ती’ म्हणणं कंपनीच्या वकिलाला आयता मुद्दा देणं आहे.

जाता जाता: मराठेशाहीच्या कागदांत वाद जिंकणारा सरकारात ‘हरकी’ भरायचा आणि हरणारा ‘गुन्हेगारी’. गुन्हेगारी म्हणजे तेव्हा चक्क दंडाची रक्कम. हा अर्थ आज परत आणा असं मी म्हणणार नाही, पण जुने कागद वाचताना घोटाळा होतो.

तर तुमच्या मजकुरात बिलातले पैसे ‘कापले’, बर्मिंगहॅमची ‘भरपाई’ दिली, पट्ट्यांचे जादा पैसे ‘परत केले’ आणि २०१९-२० चा ‘दंड भरला’. शास्ती एकदाही लागत नाही. मथळ्यात जागा कमी असेल तर ‘कंपनीचे पैसे कापले’ पुरे.