प्रुइट-आयगो खरंच वाईट डिझाइनमुळं पाडावं लागलं का?

नाही, डिझाइन एकटं दोषी नाही. प्रुइट-आयगो म्हणजे अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातली सरकारी घरांची वसाहत, 11 मजली 33 इमारती, 1950च्या दशकात बांधल्या अन् 1972 ते 76 मध्ये सगळ्या पाडल्या, स्फोटानं इमारत पाडतानाचा फोटो दाखवून लोक म्हणतेत बघा मॉडर्निझम (आधुनिक वास्तुशैली) मेला, पण मला ते पटत नाही. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नव्हती, काही मजल्यांवरच थांबायची, तिथून जिन्यानं जा, म्हातारी माणसं अन् लेकुरवाळ्या बायांनी काय करायचं? ही चूक डिझाइनचीच, मान्य. पण देखभालीचा खर्च भाडेकरूंच्या भाड्यातूनच काढायचा होता, शहरातले लोक बाहेर जायले, घरं रिकामी पडायली, मग पैसा कुठून येणार? 1969 मध्ये भाडेकरूंनी भाडं द्यायचंच बंद केलं. त्यात सरकारी मदत घेणाऱ्या कुटुंबात धडधाकट बाप राहिला तर मदत बंद असा नियम, म्हणजे लेकरांसाठी बापानं घर सोडायचं. हे लई वाईट वाटतं वाचून.

परभणीत आमचं सरकारी क्वार्टर होतं. संडासच्या पाइपाच्या जॉइंटातून पिंपळ उगवला, वडिलांनी तीनदा अर्ज दिला, कोणी आलं नाही, मुळं भिंतीत शिरली अन् आतल्या खोलीला ओल धरली. नंतर बिल्डिंग 'धोकादायक' ठरवून पाडली. वेळेवर ते रोप उपटलं असतं तर भिंत चांगली होती हो.

लंडनचं रॉबिन हूड गार्डन्स, तीही अशीच सरकारी घरांची वसाहत, 2017 पासून पाडायला घेतलं, त्याचा एक तुकडा मात्र म्युझियमनं जपून ठेवलाय.